आमच्या सड्यात वीज पुरलेली नाही

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मातीच्या थरांत रंग बसवून सूर्यप्रकाश गोळा करायच्या संशोधनावर लेख छापलात. लेख तसा बरा होता, लिहिणाऱ्यानं मेहनत घेतलेली दिसते, पण वर हेडिंग दिलंत ‘मातीतून वीज’ आणि शेजारी फोटो कसला तर लाल मातीचा, हायवेच्या कटिंगला दिसते तसली. आता आमच्या राजापूर तालुक्यात तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय आणि खाली कोणीतरी जोडलंय की कोकणच्या मातीत वीज आहे, जमिनी विकू नका. दुसऱ्या एका ग्रुपवर नेमकं उलटं, भाव वाढलाय, हीच वेळ आहे, आत्ताच विका. पहिला सल्ला मला मान्यच आहे पण कारण साफ चुकीचं आहे, आणि चुकीच्या कारणावर राखलेली जमीन चुकीच्या कारणावर जायलाही वेळ लागत नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं असेल तर खालून कापा, मधून नको.

मी शास्त्रज्ञ नाही. कोल्हापूरला फाउंड्रीत सँड लॅबला नोकरी केली, आता रिटायर होऊन गावी असतो. पण तुमच्या लेखात ज्या दोन गोष्टी आहेत, म्हंजे बेंटोनाइट जातीची माती आणि मिथिलीन ब्लूसारखा रंग, त्या दोन्ही माझ्या हाताखालून रोज गेल्यात, त्यामुळे मला जरा बोलायचा हक्क आहे असं समजतो.

लोखंडाचं कास्टिंग करायला जी वाळू वापरतात ती नुसती वाळू नसते, तिला धरून ठेवायला बेंटोनाइट घालतात, ते येतं कच्छकडून. वाळू परत परत वापरली की त्यातलं काही बेंटोनाइट उष्णतेनं मरतं, मग जिवंत किती उरलं हे रोज बघावं लागतं. त्याची टेस्ट मिथिलीन ब्लूनं होते. 5 ग्रॅम वाळू घ्यायची, पायरोफॉस्फेटच्या पाण्यात उकळून किंवा अल्ट्रासॉनिकवर ठेवून कणांवरची माती सोडवायची, मग ब्युरेटमधून निळा रंग थोडा थोडा सोडत ढवळत राहायचं आणि काचेच्या कांडीनं एकेक थेंब फिल्टर पेपरवर टाकत जायचं. सुरवातीला पेपरवर काय दिसतं, मधे गडद निळा ठिपका आणि भोवती पसरलेलं पाणी एकदम स्वच्छ, रंगाचा मागमूस नाही, कारण सगळा रंग मातीनं धरलेला. रंग वाढवत गेलं की एका क्षणी ठिपक्याभोवती फिकट निळसर-हिरवट कडं उमटतं. दोन मिनिटं ढवळून परत थेंब टाकायचा, कडं टिकलं तर संपलं, मातीत आता जागा नाही, वरचा रंग पाण्यात मोकळा फिरायला लागला. किती मिली गेला त्यावरून माती किती ते कळतं. नवीन पोरं घाईत पहिल्याच कड्याला रीडिंग घ्यायची, त्यांना परत करायला लावायचो.

आता ही माती रंग का धरते ते सांगतो कारण सगळा खेळ तिथेच आहे. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज म्हंजे माँटमोरिलोनाइट. त्याचे थर असतात, एकेक थर साधारण 1 नॅनोमीटर जाडीचा, वर खाली सिलिकाचं जाळं आणि मधे अ‍ॅल्युमिनाचं. मधल्या जाळ्यात काही ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, त्यानं थराला ऋण भार येतो, तो भागवायला दोन थरांच्या मधे सोडियम नाहीतर कॅल्शियम येऊन बसतं, पण ते घट्ट नसतं, दुसरं कोणी धन भाराचं आलं की जागा सोडतं. मिथिलीन ब्लू धन भाराचा, तो येतो आणि सोडियमला उठवून बसतो. रोडामिन नावाचा गुलाबी रंग पण तसाच बसतो. (रोडामिन म्हंजे तोच, जो जत्रेतल्या गुलाबी कापसाच्या मिठाईत सापडला म्हणून तमिळनाडूनं 2024 साली ती मिठाई बंद केली, तेव्हा प्रयोग वाचून कोणी तोंडात घालू नका.) आणि जागा थोडीथोडकी नसते. हे थर पूर्ण सुटे केले तर एका ग्रॅमचं क्षेत्रफळ 750 चौरस मीटरच्या आसपास भरतं, म्हंजे आमच्या हिशेबात सात गुंठ्यांच्या वर, एका चिमटीत.

पण तुमच्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लेखातच नाही. लेख वाचून असं वाटतं की जितका रंग जास्त तितका उजेड जास्त गोळा होणार. बरोबर उलटं आहे. आम्ही फाउंड्रीत माती रंगानं गच्च भरायचो कारण आम्हाला फक्त मोजायचं होतं. उजेड पकडणाऱ्यांना गच्च भरून चालतच नाही. रंगाचे रेणू एकमेकांच्या अंगावर चढून बसले की त्यांचा स्वभाव बदलतो. मिथिलीन ब्लूचंच बघा, पाण्यात सुटा असताना तो 664 नॅनोमीटरचा तांबडा उजेड सगळ्यात जास्त शोषतो म्हणून निळा दिसतो, मातीवर गर्दी झाली की शोषण सरकून 570 च्या आसपास येतं आणि रंग जांभळट दिसायला लागतो, आमच्या बीकरमधे हे रोज दिसायचं आणि आम्ही लक्षही द्यायचो नाही. रोडामिन तर सुटा असताना झगझगीत चमकतो, पण गर्दी झाली की चमक मरते, घेतलेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च असतो ना, त्याच्याखाली धरलं की फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

मग करायचं काय, तर रेणू जवळ पाहिजेत पण चिकटायला नकोत. जवळ का पाहिजेत? तर एका रेणूनं उजेड घेतला की तो ऊर्जा घेऊन जास्त वेळ बसू शकत नाही, रोडामिनचं म्हणाल तर 4 नॅनोसेकंद वगैरे, तेवढ्यात शेजाऱ्याला दिली तर दिली नाहीतर गेली. ही देवाणघेवाण मधे उजेड न सोडता थेट होते, 1948 साली थिओडोर फोर्स्टर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं त्याचं गणित मांडलं, आणि त्या गणितात अंतर सहाव्या घातात येतं. म्हंजे अंतर दुप्पट झालं की देण्याचा वेग 64 पटीनं खाली येतो. 1 ते 10 नॅनोमीटर एवढ्यातच हा कारभार चालतो, त्याच्या पलीकडे विसरा. घर शाकारताना शिडीवरून कौलं हातोहात वर देतात तसं आहे हे, माणसं हाताच्या अंतरावर पाहिजेत, लांब राहिली तर कौल खाली पडून फुटणार आणि एकाच पायरीवर दोघं चढले तर दोघंही पडणार.

माती इथे कामाला येते. ती उजेड पकडत नाही, वीज तर अजिबात करत नाही. ती फक्त रेणूंना जागा नेमून देते. जपानात टोकियो मेट्रोपॉलिटन विद्यापीठात शिन्सुके ताकागी यांच्या गटानं हे फार सुंदर करून दाखवलंय. त्यांनी सॅपोनाइट जातीची कृत्रिम माती घेतली, तिच्यावरच्या ऋण भारांमधलं अंतर सरासरी 1.2 नॅनोमीटर. मग पॉर्फिरिन जातीचे असे रंग निवडले की ज्यांना चार टोकांना चार धन भार आहेत आणि त्या टोकांमधलं अंतर पण साधारण तेवढंच. टोकं भारांवर बरोबर बसतात, त्यामुळे प्रत्येक रेणू आपापल्या जागी आडवा पडून राहतो, शेजाऱ्यावर चढत नाही. तसे दोन प्रकारचे पॉर्फिरिन एकाच थरावर बसवले, एक घेणारा आणि एक देणारा, आणि 2011 साली त्यांनी दाखवलं की ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे जवळजवळ 100 टक्के पोचते. मला विचाराल तर बातमी ही होती, फोटो छापायचा तर ह्याचा.

झाडाचं पान हेच करतं. 1932 साली इमर्सन आणि आर्नोल्ड या दोघांनी मोजलं तेव्हा निघालं की ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला सुमारे 2500 हरितद्रव्याचे रेणू लागतात, म्हंजे प्रत्येक रेणू स्वतः रसायन करत नाही, बहुतेक सगळे नुसते उजेड गोळा करून मधल्या एकाकडे पाठवतात, तिथे खरं काम होतं. आणि आपल्याकडे याच्यापेक्षा चांगलं उदाहरण समुद्रावर आहे. भरती ओसरली की खडकांवर लालसर शेवाळं दिसतात, ती लाल का? खोल पाण्यात तांबडा उजेड पोचत नाही, निळा-हिरवाच उरतो, आणि हरितद्रव्याला हिरवा नीट घेता येत नाही. म्हणून ह्या शेवाळांनी हिरवा घेणारा लाल रंग ठेवला, तो ऊर्जा देतो निळ्या रंगाला, तो देतो पुढच्याला, तो हरितद्रव्याला. पायऱ्या पायऱ्यांनी, प्रत्येक पायरीला ऊर्जा थोडी उतरते म्हणून ती मागे फिरत नाही. मातीत दोन-तीन रंग क्रमानं बसवायचे ही कल्पना तिथूनच उचललेली आहे. पानात आणि शेवाळात रेणू धरून ठेवायचं काम प्रोटीन करतं, प्रयोगशाळेत माती.

आता लाल मातीकडे येतो, कारण भांडण तिच्यावरून आहे. आपल्या सह्याद्रीच्या अलीकडे आणि पलीकडे खडक मूळचा एकच, काळा बेसॉल्ट. पण घाटावर पाऊस कमी, निचरा कमी, त्यामुळे खडक कुजताना सिलिका, मॅग्नेशियम, कॅल्शियम बऱ्यापैकी तिथेच राहिलं आणि माँटमोरिलोनाइटच्या कुळातली माती तयार झाली, तीच काळी माती, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इकडे आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, हजारो लाखो वर्षं धुऊन धुऊन सगळं सोडियम, मॅग्नेशियम, बरीचशी सिलिका समुद्रात गेली, मागे राहिलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. तोच आपला जांभा, चिरे काढतो तो. आणि जी माती राहिली ती बहुतांश केओलिनाइट. केओलिनाइटचे थर एकमेकांना घट्ट धरून असतात, मधे कोणाला शिरू देत नाहीत, त्यांच्यावर भारही नावालाच. आकडाच बघायचा तर 100 ग्रॅम माँटमोरिलोनाइट 80 ते 120 मिलिइक्विव्हॅलंट (हे भार मोजायचं माप) धन भार धरतं, केओलिनाइट 3 ते 15. म्हंजे रंग बसवायला जागाच नाही.

आणि वर लोह. आपल्या मातीला लाल करणारं जे लोह आहे ते ह्या कामात पक्कं वैरी, रंगाच्या रेणूनं घेतलेली ऊर्जा ते मधल्या मधे गिळतं आणि चमक बंद पडते. एवढंच काय, घाटावरची काळी माती किंवा कच्छचं बेंटोनाइट सुद्धा लोह असल्यामुळे ह्या लोकांना आहे तसं फारसं आवडत नाही, ते कृत्रिम माती वापरतात, लॅपोनाइट नावाची एक आहे, तिचे कण जेमतेम 25 नॅनोमीटर रुंद, पाण्यात टाकली की गढूळ होत नाही, काचेसारखं पारदर्शक जेल होतं. उजेड आत शिरायला हवा ना, म्हणून. तेव्हा फोटोत जी माती छापलीत ती ह्या कामाला सगळ्यात शेवटच्या नंबरची. आमच्या सड्यावर, म्हंजे जांभ्याच्या ह्या उघड्या कातळमाळावर, वीज पुरलेली नाही, कोणी खणू नका.

हे मी जोर देऊन का सांगतोय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. सड्यावर काय आहे ते सगळ्यांना माहितीय, कातळशिल्पं आहेत, 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत नाव लागलंय. पावसाळ्यात त्याच कातळावर फुलं येतात, गुरं चरतात, पाणी मुरतं. आणि कागदोपत्री मात्र तो ‘पोटखराबा’. आधीच बॉक्साइट म्हणून, चिरा म्हणून, सिलिका म्हणून खोदाई चालू आहे, त्यात आणखी एक नाव घालायला तुमचं हेडिंग पुरेसं आहे. आमच्याच वाडीत एक एजंट येऊन चहा पिऊन गेला, तुमच्या पुरवणीचा स्क्रीनशॉट मोबाइलवर दाखवत होता, म्हणे ‘काका, पुढच्या दहा वर्षांत ही माती एक्स्पोर्ट होणार.’ मी विचारलं कॅटायन एक्स्चेंज, म्हंजे धन भार धरायची ताकद, किती आहे तिची, तर म्हणाला ते ऑफिसमधे विचारून सांगतो. अजून सांगतोय.

बरं, मग हे संशोधन कशाला उपयोगी पडणार? माझं मत सांगतो. एक म्हंजे हे आणि रंगाची सोलर सेल ह्यात गल्लत करू नका, ती वेगळी, 1991 साली ओ’रेगन आणि ग्रेट्झेल यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर रंग बसवून केली, त्यात रंग थेट इलेक्ट्रॉन देतो. मातीवाल्या प्रकारात रंग फक्त उजेड गोळा करून एका ठिकाणी पोचवतो, पुढे वीज करायची का रसायन घडवायचं ते वेगळं यंत्र बघणार. ह्याचा आपल्याला जवळचा उपयोग मला दिसतो तो पावसाळ्यातला. आरसे किंवा भिंगं लावून ऊन एकवटायचं तर डायरेक्ट ऊन लागतं, जून ते सप्टेंबर ते मिळत नाही, ढगातून चहूकडून आलेला फिकट उजेड असतो. रंग घातलेली पारदर्शक पाटी मात्र कुठल्याही बाजूनं आलेला उजेड घेते, दुसऱ्या रंगात सोडते, आणि तो आतल्या आत परावर्तित होत कडेला जाऊन जमा होतो, तिथे सोलर सेलची पट्टी लावायची. ही युक्ती 1970 च्या दशकातली आहे, अडलं कुठे, तर रंग दाट घातला की तीच गर्दी, तोच वाया जाणारा उजेड. माती रंगांना सुटं सुटं आणि शिस्तीत बसवत असेल तर ह्या जुन्या युक्तीला परत जीव येऊ शकतो, हे मला पटतं.

दुसरं दुखणं टिकण्याचं. रंग उन्हात उडतो. आमच्या किनाऱ्यावर तर विचारूच नका, होडीचा रंग दर हंगामाला काढावा लागतो, निळं प्लास्टिक एका उन्हाळ्यात पांढरं पडतं. पण माती इथेही मदत करते आणि त्याचा पुरावा प्रयोगशाळेतला नाही. मेक्सिकोत माया लोकांनी निळीचा रंग पॅलिगोर्स्काइट नावाच्या मातीत मिसळून तापवला, नीळ अगदी थोडी, जेमतेम टक्का दोन टक्के, ती मातीच्या बारीक नळ्यांमधे जाऊन अडकली. बोनाम्पाकच्या भिंतींवरची चित्रं इसवी सन 790 च्या आसपासची आहेत, जंगलातल्या दमट हवेत, आणि निळा अजून निळा आहे, आम्लानं सुद्धा जात नाही. मात्र मायांना त्यातून फक्त रंग दिसायला हवा होता, ऊर्जा पुढे द्यायची नव्हती, तेव्हा तेवढ्यावर हुरळून जायचं कारण नाही, रोज लाखो वेळा ऊर्जा घेऊन देऊन रंग किती वर्षं टिकतो ही वेगळी परीक्षा आहे.

तोपर्यंत ज्यांना छपरावर वीज पाहिजे त्यांनी साधी सिलिकॉनची पॅनल लावा, 3 किलोवॅटला केंद्राची 78,000 रुपयांपर्यंत सबसिडी आहे, मातीच्या पॅनलची वाट बघत बसू नका. आणि फिटिंगवाल्याला वादळाचा विचार करून स्ट्रक्चर घट्ट करायला सांगा, निसर्ग वादळात कोणाची छपरं कुठे गेली ते विसरलो नाही अजून.

संपादक साहेब, आता मागणं. त्या लेखाचा दुसरा भाग येणार असं खाली लिहिलंय, त्यात वरचा खुलासा चार ओळींत तरी छापा, आणि लाल मातीचा फोटो काढून टाका. शक्य असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या मृदाशास्त्राच्या कोणाला तरी विचारून आपल्या कोकणातल्या मातीत कुठलं खनिज किती याची माहिती त्याच्यासोबत द्या, लोकांना आपल्या मातीबद्दल खरं वाचायला आवडतं, खोटं तेवढं पसरतं कारण खरं कोणी छापत नाही.

आणि तालुक्यातल्या कॉलेजांच्या आणि हायस्कूलच्या सायन्सच्या सरांना-मॅडमना सांगायचं, फिल्टर पेपरची ती टेस्ट शाळेच्या लॅबमधे आरामात होते. मिथिलीन ब्लू केमिकलवाल्याकडे स्वस्तात मिळतं, बेंटोनाइटही फार महाग नाही. एका बीकरमधे बेंटोनाइट, दुसऱ्यात घाटावरच्या पाहुण्यांकडून आणवलेली काळी माती, तिसऱ्यात शाळेच्या मागची लाल, सारख्या वजनाची घ्यायची आणि सारखा निळा सोडत जायचा. लाल मातीच्या थेंबाला कडं सगळ्यात आधी उमटेल, मुलांना त्यावर कारण लिहायला लावा. बेंटोनाइट माझ्याकडे एक पिशवी पडून आहे, लागलं तर घेऊन जा, टेस्ट दाखवायला मी येईन, फक्त दुपारी दोननंतर बोलवा, सकाळी मला बागेत पाणी असतं.

कळावे,
आपला,
एक जुना वाचक
राजापूर, जि. रत्नागिरी